डोळे मिटून पाहिलेला जावई

चि. निहार आणि चि. ईरा,

एरवी तुम्हाला काही लिहायचं तर मी आधी मुद्दे काढते, मग कच्चं लिहिते, मग पक्कं. तुमचा बाबा हसतो त्याला. आज तसं काही केलेलं नाही. सकाळची भांडीसुद्धा ओट्यावर तशीच आहेत. परवा अक्काआजीचं तेरावं झालं आणि काल फोनवर निहारनं मला विचारलं, "आजी, अक्काआजी रेसिस्ट होती का गं?" मी म्हटलं, आवाज तुटतोय रे, नंतर बोलू. आवाज स्वच्छ येत होता. पण या प्रश्नाचं उत्तर इतकं मजेदार आणि इतकं अवघड आहे की ते फोनवर मावलं नसतं.

दुसरीकडे आपल्या घरच्या ग्रुपवर रोज श्रद्धांजल्या येताहेत. 'अक्कांनी कधीच काळा-गोरा भेद केला नाही.' 'काळाच्या पुढची बाई.' खाली हात जोडलेली चित्रं. वाचून मला राहवेना. जे घडलं ते यापेक्षा कितीतरी भारी होतं आणि आत्ता लिहून ठेवलं नाही तर वर्षभरात ग्रुपवरचंच खरं होऊन बसेल.

पण माझी एक अडचण आहे. अक्का माझ्या थोरल्या जाऊ. उभ्या जन्मात आम्ही जे भांडलो ते समोरासमोर. त्यांच्या पाठीमागे त्यांच्याविषयी बोलायची मला सवय नाही. तेव्हा मी त्यांनाच सांगते. तुम्ही दोघं बाजूला बसून ऐका.

अक्का, सगळ्यात आधी हे सांगते, ग्रुपवर तुमचा जो फोटो लावलाय तो कुणीतरी उजळ करून लावलाय! तुम्ही त्यात चक्क गव्हाळ दिसता. तुम्ही असतात तर चष्मा वर करून म्हणाला असतात, "ही कोन बया?" मी पहिल्याच दिवशी लिहिलं की मूळचा फोटो लावा. त्यावरही कुणीतरी हात जोडले.

तुमचा रंग म्हणजे आपल्या काळ्याभोर शेळ्यांचा रंग, हे तुम्हीच सांगायचात. तुम्हाला बघायला आलेल्या बायकांपैकी एकीनं अंगठा ओला करून तुमच्या गालावर घासून पाहिला होता. ही गोष्ट तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलीत, गोठ्यात, हसत हसत. "म्या इचारलं, निघालं का काय मावशी?" मी हसले नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे रोखून बघितलंत आणि म्हणालात, "हस गं. हसली न्हाईस तर त्ये आत ऱ्हातं."

मी तेव्हा नवी नवरी, सोलापूरची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. घरातल्या बायकांनी माझा निकाल उंबऱ्यातच लावला होता: इंग्रजी शिकलेली आहे, दिवाळीच्या आत चूल वेगळी करणार. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आजून पाय धुतलं न्हाईत तिनं, आन तुमी सोभाव सांगून मोकळ्या झाल्या व्हय?" आणि माझ्या हातात चाऱ्याची पेंढी दिलीत. त्या दिवसापासून मी तुमची झाले. पुढे धाराशिवला कॉलेजात शिकवायला लागले तरी दर रविवारी गावी यायचे ते तुमच्याशी भांडायला.

आणि काय काय शिकले मी तुमच्याकडून! आपल्याकडच्या वाशीच्या शेळीबाजारात तुमच्याबरोबर पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, तुम्हाला चक्कर आली. शेळीपुढे उकिडव्या बसलात आणि डोळे गच्च मिटलेत. मग नुसता हात फिरवायला लागलात, पाठीच्या कण्यावरून, फासळ्यांवरून, गुडघ्यांवरून, कासेखालून. व्यापारी बोलतच होता, "बघा अक्का, कशी चकचकीत हाय, आरसा बघा." तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "त्याल लावलंस, आन मीठ चारून पानी पाजलंस. पोट घागरीवानी लागतंय." बाजारात हशा! परत येताना मला समजावून सांगितलंत की डोळ्याला रंग दिसतो, चमक दिसते, आणि एकदा का रंग आवडला की मग हातसुद्धा खोटं सांगायला लागतो. म्हणून आधी डोळे मिटायचे. मी हे कॉलेजात मुलींना कितीतरी वेळा सांगितलं. त्यांना वाटायचं मी कवितेविषयी बोलतेय.

पण अक्का, माणसांच्या बाबतीत तुमची रीत उलटी होती. "तोंड बगितलं की मानूस कळतो," हे तुमचं वाक्य. भावकीतलं एक लग्न तुम्ही बघून आल्याशिवाय ठरायचं नाही. बहुतेक वेळा तुम्ही बरोबर निघायचात, हे मी मान्य करते. तुमचं चुकायचं तेव्हा कुणी बोलायचं नाही, हेही तुम्ही मान्य करा.

मग आली आपली मुक्ता. तुमच्या सुनीलची लेक, टोरंटोला नर्स आहे ती. नवऱ्याला घेऊन आली. डॅनियल मूळचा घानाचा, आफ्रिकेतला, तिच्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करणारा. तिकडे त्यांचं नोंदणी लग्न झालं होतं. सुनीलनं ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं: पोरगा चांगला शिकलेला आहे, परदेशातला आहे. तुम्ही गोरा जावई मनात धरून अंगणात सडा घालून बसलात. जीपमधून उतरला तो सहा फुटी, तुमच्याहून काळा, आणि त्यानं चप्पल काढून, वाकून तुमच्या पायांना हात लावला.

तुम्ही पाय मागे घेतलेत. मुक्तानं ते बघितलं. मीही बघितलं.

त्यानंतरचा तासभर मला तसाच्या तसा आठवतो. तुम्ही बाजेवर, तो खाली सतरंजीवर. तुम्ही काही विचारलं की मुक्ता त्याला इंग्रजीत सांगायची आणि तो हळू आवाजात, खाली जमिनीकडे बघत उत्तर द्यायचा. पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं. मला तो फार आवडला. स्वयंपाकघरात आल्या आल्या तुम्ही दार लोटलंत आणि निकाल दिलात.

"आतल्या गाठीचा हाय. नजर चोरतोय."

"अक्का, तो लाजतोय."

"येवढा बाप्या लाजतोय? हबशी हाय त्यो, सुमन. आमचा बा सांगायचा हैद्राबादच्या हबश्यांचं. निजामाकडं शिपाई हुते. लेकरू रडाय लागलं की म्हनायचे, गप, हबशी यील."

"तुम्ही बघितला होता एखादा?"

"न्हाय. पन रडायची थांबलेली हाय म्या."

मी हसले, आणि मग माझं डोकं फिरलं. शेळ्यांचा अभ्यास करायला आलेला तो जर्मन तुम्हाला आठवतो ना? मान खाली घालून बसला होता, एक शब्द बोलला नाही, उठला तो बुटासकट थेट देवघरात. तुम्ही काय म्हणालात? "भोळा हाय गं बिचारा, लेकरावानी." मी तुम्हाला त्याची आठवण दिली. गोऱ्यानं मान खाली घातली तर तो भोळा आणि काळ्यानं घातली तर नजर चोरतो, हा कुठला न्याय? सुनील तुमच्यापुढे अजून मान वर करत नाही, त्याला तुम्ही वळण म्हणता. मान तीच, अक्का. ती कुणाच्या धडावर आहे ते बघून तुम्ही तिचा अर्थ लावता.

तुम्ही गप्प बसणाऱ्या थोड्याच! "आन तुझं काय? त्यो फाडफाड इंग्रजी बोलतोय म्हनून तुला गोड लागतोय. आपल्या गड्यानं मान खाली घातली असती तर म्हनली असतीस, बावळट हाय."

हे मला लागलं. आजही लागतं. त्यात तथ्य किती होतं याचा हिशेब आपण कधी लावला नाही. कारण तुमचं पुढचं वाक्य त्याहून मोठं होतं.

"काळ्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं त्ये तुला न्हाय म्हाईत. मला म्हाईत हाय. माज्या मुक्तीच्या लेकरांनी बी त्येच ऐकायचं?"

तुम्ही त्याला नाकारत होतात ते त्याच्या रंगामुळे, आणि तुमच्या स्वतःच्या रंगामुळेसुद्धा. मी एवढंच म्हटलं की ज्या बाईनं तुमच्या गालावर अंगठा घासला, चूक तिची होती. गालाची नव्हती. तुम्ही चुलीत लाकूड सारलंत आणि जाहीर केलंत, "येरमाळ्याला म्या येनार न्हाय."

निहार, ईरा, हे तुम्हाला सांगायला हवं. आपल्या घरी कितीही थाटात लग्न लावा, घरातल्या थोरल्या बाईनं नव्या जोडप्याला येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगरावर नेऊन तिच्या हातानं देवीची ओटी भरल्याशिवाय ते पुरं झालं असं मानत नाहीत. तोपर्यंत जावई हा पाहुणा. अक्का येणार नाहीत, याचा अर्थ डॅनियल या घरात कायमचा पाहुणा. मुक्ताला तिकडच्या कायद्याचा कागद मिळालेला होता, तिला हवी होती ती आजी. पोरगी गोठ्यामागे जाऊन रडत होती.

अक्का, मी संध्याकाळी तुमच्या मागे गोठ्यात आले. तुम्ही धार काढत होतात. मी फार विचार करून बोलले असं नाही, ते तोंडातून निघूनच गेलं. "शेळी डोळे मिटून घेता, आणि जावई डोळे उघडे ठेवून नाकारता?"

धार थांबली. तुम्ही माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीत. "भाकरी टाक जा," एवढंच म्हणालात.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ! अहो, ती आठवून मी आत्ता एकटीच हसतेय. सगळे पडवीत न्याहारीला बसलेले. चुरमुऱ्यांची सुशीला ताटलीत वाढलेली. तुम्ही आलात, डॅनियलच्या समोर मांडी घातलीत, पदर खोचलात आणि डोळे गच्च मिटलेत. बाजारात मिटायचात तसे. मुक्ता घाबरली, "आजी, काय होतंय?" मला एका क्षणात समजलं आणि मी तोंडात पदर कोंबला. डॅनियलला वाटलं, जेवणाआधीची प्रार्थना. त्यांच्याकडे असते. त्यानंही हात जोडून डोळे मिटले. दोघं समोरासमोर, दोघांचे डोळे बंद, मधे सुशीला निवतेय, आणि सुनीलला हसू आवरेना म्हणून तो खोकत खोकत अंगणात पळाला.

"इचार त्याला," तुम्ही म्हणालात, "हिच्यासंगं भांडतोस का?"

"भांडतो," तो म्हणाला. "भांडी कशी लावायची यावरून."

"जिंकतं कोन?"

"ती जिंकते. ती ड्यूटीवर गेली की मी परत माझ्या पद्धतीनं लावतो."

तुमच्या ओठांचा कोपरा हलला. मी बघितलं, अक्का. नाही म्हणू नका.

मग तुम्ही खरा प्रश्न विचारलात. "काल माज्याशी बोलताना खाली का बगत हुतास?"

त्याचे डोळे अजून मिटलेलेच. म्हणाला, "मला माझ्या आजीनं वाढवलं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोललो असतो तर तिनं कानाखाली वाजवली असती."

मुक्तानं हे मराठीत सांगितलं. तुम्ही डोळे उघडलेत. तो तसाच बसलेला, पोरासारखा, हात जोडून. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पहिल्यांदाच. मग म्हणालात, "त्याला म्हनावं उगड आता डोळं. झाली परार्थना. खा म्हनावं, निवलं."

मला तुम्ही त्या दिवशी "चुकले" म्हणाला नाहीत. म्हणालात, "जितराबावर कवा कवा दोनदा हात फिरवावा लागतो." मला तेवढं पुरलं.

येरमाळ्याला गेलो तेव्हा पायथ्याच्या ओटीच्या दुकानात गर्दी होती. तुमच्या खांद्याला ती निळी पिशवी, त्यात ओटीचं सामान, पैसे आणि तुमच्या सोन्याच्या पाटल्या, कारण देवीपुढे वाकायच्या वेळी त्या घालायच्या हा तुमचा हट्ट. डॅनियल तुमच्या पाठीशी उभा होता, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून. नारळ देता देता दुकानदार हळूच म्हणाला, "मावशी, पिशवी सांभाळा. मागं बगा कोन हुबं हाय."

त्या माणसाच्या तोंडात तुमचंच आधीचं मत होतं. तुम्ही मागे वळलात, खांद्यावरची पिशवी काढलीत आणि डॅनियलच्या हातात दिलीत. "धर रं." मग दुकानदाराकडे बघून म्हणालात, "सांभाळली बग. जावई हाय माजा. आन नारळ बदलून दे, ह्येच्यात पानी न्हाय."

अक्का, काय ऐट होती ती! पायऱ्या चढताना तुम्ही कुणाचा हात धरला नाहीत, त्याचाही नाही. तो पिशवी छातीशी धरून मागून येत होता आणि येणारेजाणारे बघत होते. बघू देत. वर तुम्ही ओटी भरलीत, त्याच्या कपाळाला कुंकू लावलंत, आणि ते त्याच्या रंगावर दिसेना म्हणून अजून थोडं लावलंत. "माज्याबी दिसत न्हाय," तुम्ही त्याला मराठीतच सांगितलंत. तो काही न कळता हसला.

परतीच्या जीपमध्ये मी पुन्हा उकरून काढलं. राहवेना मला. म्हटलं, "अक्का, त्यानं मान वर करून, तुमच्या डोळ्यांत बघून उत्तरं दिली असती तर?"

"तर काय?"

"तर तो उद्धट ठरला असता ना? तो आपल्यासारखा निघाला म्हणून पास झाला. आपल्यासारखा नसता, तरी चांगला असू शकला असता की."

"तुला जिंकलेलं बी पुरत न्हाय का गं?" तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. मला वाटलं विषय संपला. पण घाट उतरल्यावर तुम्ही आपणहून म्हणालात, "फुडच्या येळंला त्याला वर बगून बोलायला लावते. मग सांगते तुला."

ती पुढची वेळ आली नाही. या हिवाळ्यात तुम्हाला ताप आला, छातीत कफ भरला, आणि तुम्ही गेलात. मला तो निकाल ऐकायचा होता, अक्का! तुम्ही काय म्हणाला असतात? तुमच्या डोळ्यांत थेट बघणारा, मोठ्यानं बोलणारा, पायांना हात न लावणारा काळा माणूस तुम्हाला पटला असता का? मी तुमच्या बाजूनं हो म्हणून टाकणार नाही. मी परस्पर बोललेलं तुम्हाला आवडलं नसतं, आणि खरं उत्तर मला माहीतही नाही.

निहार, आता तुझं उत्तर. हो, होती. कधी न बघितलेल्या माणसांविषयी तिचं मत तयार होतं आणि समोर आलेल्या जिवंत माणसावर ते तिनं चिकटवलं. आपल्या घरात ती एकटीच तशी होती असं मात्र समजू नकोस. बाकीचे बोलत नव्हते, इतकंच. चूक दाखवल्यावर दुसऱ्याच दिवशी, सगळ्यांदेखत, सुना-नातवंडांपुढे स्वतःची परीक्षा घ्यायला बसलेली मात्र मी ती एकच बाई बघितली. मी आयुष्यभर शिकलेल्या लोकांत वावरले. त्यांच्यात कुणी असं बसलेलं मला आठवत नाही.

अक्का, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. भांडणात कुठे सांगायचं? डोंगरावर सांगायचं मनात होतं, तिथे तुम्ही नारळावरून पुजाऱ्याशी वाद घालत होतात.

तेराव्याला सुनीलनं रिवाजाप्रमाणे घरच्या जावयांसाठी टोपी आणि उपरणी आणली होती. मांडताना आपले चुलत दीर म्हणाले, "त्या हबश्याचं कशाला? त्यो काय हितं हाय का? आन आता अक्काबी न्हाईत." सुनीलनं माझ्याकडे बघितलं. घरात आता थोरली बाई मी.

मी म्हटलं, "भाऊजी, तो कुणाच्या लाडापायी जावई नाही. त्याच्या नावानं येडेश्वरीची ओटी भरून झालीय." आणि एक टोपी आणि एक उपरणं उचलून बाजूला ठेवलं. भाऊजी काहीतरी पुटपुटले आणि पंगतीला बसले.

मुक्ताला फोन केला तेव्हा मागून डॅनियलनं विचारलं की जावयानं तेराव्याला काय करायचं असतं. मी म्हटलं, काही नाही, घरच्यांनी दिलेलं घ्यायचं असतं.

त्याची टोपी आणि उपरणं माझ्या कपाटात आहे. डॅनियल या घरचा जावई आहे.